वरचा मजला

अम्मानच्या नकाशा कार्यालयात अबू घैथ साहेब होते आणि नवरस त्यांच्या हाताखाली. नवरसचा जीव साहेबांच्या मुलीवर, सिरीनवर, तिचा त्याच्यावर, पण साहेबांची अट होती, "तुमच्या घरावर वरचा मजला मला डोळ्यांनी दिसू दे, त्याच दिवशी लग्न ठरल्याची फातिहा वाचू." नवरसच्या गच्चीवर मात्र, गल्लीतल्या निम्म्या घरांसारख्याच, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या नुसत्या लोखंडी सळ्या. वर्षानुवर्षं आभाळाकडे दुआ मागत उभ्या.

शहराचा त्रिमितीय नकाशा करताना ह्याच सळ्यांनी घोळ घातला. विमानातून त्यांची उंची मोजली गेली होती, पण वरून उघडं घर सॉफ्टवेअर काही केल्या घेईना. पडदाभर लाल खुणा.

"उस्ताद, सळ्या पुसून टाकू?"

"अरे वेड्या, मोजलेली उंची पुसतात का? सळ्यांच्या टोकांवर छप्पर टाक, चारी बाजू बंद कर आणि मोकळा हो. संध्याकाळी एकही लाल खूण दिसता कामा नये."

"सगळ्याच घरांवर टाकू?"

"मग काय, तुझं सोडून?"

संध्याकाळी साहेबांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "आता कसं भरल्यासारखं वाटतंय," म्हणाले आणि मंजुरी दिली. नवरसने हळूच आईला फोन लावला.

&nbsp;

साहेब घरी पोचले तर दारात नवरसची आई, हातात कुनाफ्याच्या मिठाईचं ताट.

"अबू घैथ भाऊ, आमचा वरचा मजला आज डोळ्यांनी पाहिलात म्हणे. फातिहा आत बसून वाचायची, की इथेच?"