आधीच उमटलेले आकडे

भिवंडीत नुकसानभरपाईच्या सुनावण्यांत मदीहा साक्षी टिपून घ्यायची. स्टेनो मशीनवर तिनं ऐकलेली रक्कम दाबली, की सॉफ्टवेअर आपणहून रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम घालून ती स्क्रीनवर दाखवायचं.

त्या दुपारी कोन गावच्या हौसाबाई साक्षीला उभ्या होत्या. कशेळीच्या एका गोदामात रॅक कोसळून त्यांचा मुलगा धनेश गेला होता.

"मावशी, धनेशला पगार किती होता?" वकिलांनी विचारलं.

हौसाबाई आठवू लागल्या. मदीहाची बोटं थांबलेली होती. तरी स्क्रीनवर उमटलं: ₹१८,७५०.

"अठरा हजार सातशे पन्नास," हौसाबाई म्हणाल्या.

चुकून बोट लागलं असेल, असं मदीहाला वाटलं.

"मालक किती द्यायला तयार झाला?"

या वेळी तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले. ₹४,००,०००.

"चार लाख."

"साहेब, मशीन बिघडलंय," मदीहा सुनावणी घेणाऱ्या साहेबांना म्हणाली आणि तिनं मशीनची केबलच उपसून काढली.

"हातानं लिहा," साहेब म्हणाले.

तिनं पेन उचललं. स्क्रीनकडे बघायचंच नाही, असं ठरवलं.

"प्रवासखर्च लिहायचाय, मावशी," वकील म्हणाले. "आज किती जण आलात?"

नजर गेलीच. रुपयाचं चिन्ह नव्हतं. नुसता आकडा होता: २.

मागचे सगळे बाक रिकामे होते. हौसाबाई मदीहाच्या खुर्चीमागे, जरा वर बघत होत्या.

"आमी दोगंच हाव," त्या मायेनं म्हणाल्या.