बाबांचे उपाशी मजूर

‘डॉक्टर, हे पुस्तक तुम्ही स्वतः तरी वाचलंय का?’

रावान आणि शहिंदा या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून इजिप्तमधल्या लक्सरच्या आमच्या शाळेत, भर वर्गात, मी हे विचारलं. तेही पाहुणे म्हणून आलेल्या माझ्याच प्राध्यापक बाबांना. फेरो राजांची थडगी कोरणाऱ्या मजुरांना धान्य मिळेना, म्हणून ते संपावर गेले, एवढीच गोष्ट. बाबांनी तिची तीनशे पानी ‘वितरणविलंबजन्य श्रमस्थगिती’ करून ठेवलीय. शी! उपाशी माणसांच्या तोंडात वाळू कोंबल्यासारखी वाक्यं!

‘अगं पोरी, सगळ्यांना समजलं तर मला विद्वान कोण म्हणेल?’ बाबा खुशाल हसले.

घरी जेवताना मी सांगून टाकलं, ‘आई, बाबा, कितीही मार्क पडू देत, मी मेडिकलला जाणार नाही. मला बाबांचं अरबी पुस्तक अरबीत आणायचंय.’