कापलेला एक गुण

कॅन्सर झालेला आईचा डावा स्तन काढून तिथे नवा घडवला, त्याला वर्ष झालं. तपासणी झाल्यावर नर्सने शस्त्रक्रियेबद्दल किती समाधानी आहात, ते विचारणारा फॉर्म दिला. आईने दहापैकी नऊ गुण भरले.

"एक कशाचा कापलास? दोन्ही बाजू हुबेहूब, टाके तर शोधून सापडत नाहीत!" मी म्हटलं.

"काम चोखच आहे गं डॉक्टरांचं."

तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेली बाई. पैकीच्या पैकी द्यायला हात धजत नाही, दुसरं काय!

फॉर्म द्यायला उठताना मी माझी झोपलेली तान्ही लेक आईकडे दिली. आईने तिला डावीकडे छातीशी धरलं, क्षणभर थांबली आणि उजवीकडे घेतलं.

"डावा हात दुखतोय का?"

"नाही. इकडे तिचा श्वास कळतो."