चातुर्मासातला लसूण

"चातुर्मासात लसूण खाते ही," सून खुर्चीत टेकायच्या आतच इंदुबाईंनी डॉक्टरांना सांगून टाकलं. "आणि वर शपथा घेते."

उत्कर्षा खरं तर केस गळतात म्हणून आली होती. मागच्या वर्षी तिला थायरॉईडचा आजार निघाला, तेव्हापासून ती कोथरूडच्या याच दवाखान्यात यायची, आणि एकटीच यायची. आज सासूबाई हट्टानं स्कूटरवर मागे बसल्या होत्या. का, ते आता कळलं.

"मी खात नाही, डॉक्टर." हे वाक्य आषाढापासून तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात आता जीवच उरला नव्हता.

"मग वास काय आभाळातून येतो?" इंदुबाई म्हणाल्या. "घरात औषधालासुद्धा पाकळी सापडायची नाही. ऑफिसात खात असणार. खाऊ दे की, माझं काही म्हणणं नाही. पण खोटं कशाला बोलायचं? मी तर आता हिला नैवेद्याला हात लावू देत नाही."

यावर नवरा काय म्हणतो, असं डॉक्टर सोनाली यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. दत्तप्रसाद काहीच म्हणत नसे. बायको जवळ आली की उठून खिडकी उघडायचा, एवढंच. सासूच्या बोलण्यापेक्षा उत्कर्षाला त्या खिडकीचा राग जास्त यायचा.

"जरा पुढे वाक. श्वास सोड," डॉक्टर म्हणाल्या. मग तिचे दोन्ही हात उलटे करून त्यांनी नखं पाहिली. बहुतेक टोकाशी तुटली होती. "वास लसणाचाच आहे."

इंदुबाईंनी समाधानानं खुर्चीला पाठ टेकली. उत्कर्षानं मान खाली घातली. आता डॉक्टरच असं म्हणाल्यावर आणखी कुणाला काय सांगायचं, ते तिला कळेना.

"थायरॉईडच्या गोळीशिवाय काय काय घेतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही लिहून दिलेली सेलेनियमची कॅप्सूल."

"ती एक. उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलं होतं. पुढे?"

"एक पावडर. दत्तप्रसादनं ऑनलाइन मागवली. थायरॉईडवाल्यांसाठीच असते." उत्कर्षानं मोबाइलमधला डब्याचा फोटो दाखवला.

डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला. "हिच्यातही सेलेनियमच आहे. पुढे?"

"बस, एवढंच."

"आणि खाण्यात?"

"खाण्याचं मी बघते ना," इंदुबाई म्हणाल्या. "ते ब्राझील नट देते रोज. माझ्या मुलीनं दुबईहून पाठवलेत. थायरॉईडला फार चांगले म्हणे. महाग आहेत हो, आम्ही कुणी त्याला हात लावत नाही."

"रोज किती देता?"

"पाच. आमच्याकडे पंचायतन आहे. सकाळी पूजा झाली की एकेका देवापुढे एकेक ठेवते आणि मग हिच्या हातावर देते. नुसते दिले तर नाकं मुरडते. प्रसादाला नाही म्हणता येत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे मला कधी सांगितलं नाहीस, उत्कर्षा."

"तुम्ही औषधं विचारलीत," उत्कर्षा म्हणाली. "तो प्रसाद होता."

"मीही नीट विचारायला हवं होतं." डॉक्टर इंदुबाईंकडे वळल्या. "काकू, सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागतं. त्या एका दाण्यात दिवसभराचं निघतं, कधी त्याहूनही जास्त. हिच्या पोटात तीन वाटांनी चाललंय. जास्तीचं शरीर श्वासावाटे बाहेर टाकतं आणि त्याला लसणासारखा वास येतो. केस गळतात, नखं तुटतात, तेही त्यानंच. रक्त तपासून खात्री करू. पण आजपासून कॅप्सूल, पावडर आणि तुमचा प्रसाद, तिन्ही बंद. थायरॉईडची गोळी तेवढी चालू राहील."

"म्हणजे लसूण..." इंदुबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

"खाल्लेला नाही हिनं. वास तुमच्या देवघरातूनच येत होता."

उत्कर्षाला रडू आलं. इतके दिवस आलं नाही आणि आता सगळं मिटल्यावर येतंय, म्हणून ती स्वतःवरच चिडली. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

खाली गाडीजवळ आल्याबरोबर इंदुबाईंनी मुलाला फोन लावला. त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवून हातभर लांब धरून बोलत.

"दत्ता, हिनं लसूण खाल्ला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं. त्या ब्राझील नटांचा आणि तुझ्या पावडरीचा वास होता."

"मला वाटलंच होतं," दत्तप्रसाद म्हणाला. "उत्कर्षा असं करायची नाही."

"वाटलं होतं, तर दातखीळ बसली होती का तुझी?" इंदुबाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

उत्कर्षा हेल्मेटचा पट्टा लावत होती. "आणि तुम्हाला, आई?" तिनं वळून न बघता विचारलं. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

इंदुबाई पदर सावरून मागे बसल्या. आधाराला त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला वाटलं नव्हतं," त्या तिच्या पाठीला म्हणाल्या. "मला खात्री होती."