तीन नंबरचा पाय

“सही कर गो ताई! आणखी किती दिवस ते कागद चिवडत बसशील?” निहारने ताट पुढे ओढलं.

गौरवी कागद उलटत राहिली. समुद्रातल्या त्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला चाळिशी कधीच उलटून गेली होती. आणखी पाच वर्षं तो धड उभा राहील का, हे ठरवायचं काम तिच्या कंपनीकडे आलेलं आणि इंजिनीअर म्हणून सही तिची. सख्खा भाऊ निहार तिथेच क्रेन चालवतो, हे तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं. “मग तर तू डोळे फाडून बघशील,” म्हणाले साहेब, आणि फाइल तिच्याच गळ्यात मारली.

तिने पाहिलंही. गणित जमत होतं. पाणबुड्यांनी गेल्याच महिन्यात पाण्याखालचे सगळे सांधे खरवडून फोटो दिले होते. चकचकीत लोखंड, एक चीर नाही. तरी मेलं मन धजत नव्हतं. प्लॅटफॉर्म बंद झाला तर निहार धारगळला घरी बसणार, हे काय तिला कळत नव्हतं?

“भावाच्या पोटावर पाय आणू नको हां,” म्हणत आईने रव्यात भाजलेले शिनाणे वाढले. समुद्रात खडकाला, खांबाला चिकटून वाढणारे हे शिंपल्यातले जीव निहारने सुट्टीवर येताना बर्फात घालून आणलेले. त्यांचे हिरवे शिंपले मोरीपाशी पडले होते, चांगले बोटभर लांब.

गौरवीचा घास हातातच राहिला. “हे खंयचे रे?”

“आमच्याच प्लॅटफॉर्मचे! परवा पाइप दुरुस्तीला दुसरे पाणबुडे आलेले, त्यांनी काढून दिले. तीन नंबरच्या पायाच्या सांध्यावर म्हणे यांचा नुसता थर आहे. लोखंड दिसतच नाही.”

“गेल्या महिन्यात खरवडलेल्या सांध्यावर?” गौरवीचा आवाज चढला. “अरे, एवढं वाढायला शिनाण्याला वर्ष लागतं. त्या सांध्याला कुणी हातच लावलेला नाही. फोटो भलतीकडचा आहे!”

निहारने ताट मागे सारलं. त्याची झोपायची खोली त्याच पायाच्या वर होती. तो आणि आणखी पाचजण तिथेच झोपायचे.

“उद्या सही करते,” गौरवी उठत म्हणाली. “पण प्लॅटफॉर्मवरची माणसं खाली उतरवायच्या पत्रावर.”

आईने निहारकडे पाहिलं. तो मोरीपाशी गेला. त्यातला सगळ्यांत मोठा शिंपला त्याने धुतला, सदऱ्याला पुसला आणि ताईच्या फायलीवर ठेवला.

“हा ने. कुणी आणला विचारलं, तर माझं नाव सांग.”