शिकाऱ्यासाठी सॅक

"वेल्क्रो नको," ऑर्व्हल म्हणाला. "चर्रकन आवाज झाला की टर्की पक्षी पलीकडच्या डोंगरावर."

नेड्राने लावलेली पट्टी मुकाट्याने उसवायला घेतली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सॅकचे तुकडे पसरले होते. ती ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. जाड कापड आणि जाड दोरा तिच्या हातातला. टर्कीच्या शिकाऱ्यासाठी एक सॅक करतेय, एवढंच तिने बापाला सांगितलं होतं. केंटकीच्या त्या डोंगरांत ऑर्व्हल टॅकेटइतक्या टर्की कुणी टिपल्या नव्हत्या, तेव्हा विचारायचं कुणाला, हा प्रश्नच नव्हता.

"आणि ही पाठीवर मिरवणार कोण?"

"वेंडेल."

ऑर्व्हलने चाकाच्या खुर्चीचा ब्रेक उगाचच लावला आणि काढला. वेंडेल म्हणजे जावई. धिप्पाड, मनाने भला, पण घरात चालला की कपाटातल्या बश्या वाजायच्या. लग्न झालं त्या वसंतात ऑर्व्हलने त्याला एकदा शिकारीला नेलं होतं. त्याच्या धपाधप पावलांनी हाताशी आलेला नर उडून गेला. पुन्हा काही नेलं नाही. पुढे लाकूडतोडीत झाड अंगावर आलं आणि ऑर्व्हलचे पाय गेले. आता डोंगर खिडकीतून बघायचा. आणि त्याच डोंगरावर हा रेडा सॅक लावून जाणार.

"हत्तीला झूल शिवतेयस," तो म्हणाला.

"शिवते. तुम्ही फक्त सांगा."

सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण राहवेना. झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्यावर हात कुठवर जातो ते त्याने खुर्चीतच करून दाखवलं. हाळीची लाकडी डबी उजव्या हाताशी हवी. झाकण घासलं की मादीसारखा आवाज निघतो आणि नर जवळ येतो. तेव्हा खिसे चाचपत बसून चालत नाही. कापड मऊ हवं, काट्यांना खरखरणार नाही असं. आणि भडक नारिंगी फडका हवाच. मारलेला पक्षी घेऊन उतरताना दुसऱ्या शिकाऱ्याला पिसं दिसली, तर तो माणसावरच बार टाकायचा. नेड्रा खडूने खुणा करत गेली. बोलता बोलता ऑर्व्हलचं सूप निवून गेलं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला पटेना.

"पट्टे एवढे रुंद कशाला? टर्की म्हणजे कोंबडीची थोरली बहीण. बैल नव्हे."

"पाठ दुखू नये म्हणून."

"त्याची पाठ दुखली, तर मी रविवारी चर्चमध्ये उभा राहून गाईन," ऑर्व्हल म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन त्याने गार सूप पुढे ओढलं.

त्या हिवाळ्यात वेंडेल कामावर जाण्याआधी रोज डोंगर चढायचा. पाठीवर काहीतरी बांधलेलं, मान खाली. बर्फ असो, चिखल असो. ऑर्व्हल खिडकीतून बघायचा आणि आतल्या आत धुमसायचा. "सांग तुझ्या नवऱ्याला," तो एकदा नेड्राला म्हणालाही, "हंगामाआधीच सगळे पक्षी पळवून लावेल."

"सांगते," नेड्रा म्हणाली, आणि दोरा तोडायला तिने मान खाली घातली.

एप्रिलमध्ये हंगाम उघडला. उजाडायच्या आधीच नेड्राने बापाला उठवून कॉफी दिली, जाड कोट चढवला. वेंडेल सॅक पाठीला लावून दारात उभा होता. ऑर्व्हलने रात्रीच मनाची तयारी केली होती. त्याने आपली हाळीची डबी जावयापुढे धरली.

"घे. माझ्या बापाची आहे. ओली करू नकोस. वरच्या ओकांपाशी बस आणि घाई करू नकोस."

वेंडेलने ती घेतली नाही. तो वळला आणि खुर्चीकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला. सॅकचं तोंड उघडं होतं. आत मऊ अस्तर होतं आणि तळाशी दोन मोठी भोकं.

"ही कशाला ठेवलीस?" ऑर्व्हलने विचारलं. "सगळं गळून पडेल."

"पाय घालायला, बाबा," नेड्रा म्हणाली. "शिकारी आत बसायचाय."

ऑर्व्हलने तिच्याकडे पाहिलं, मग त्या रुंद पाठीकडे. नेड्राने त्याच्या काखेत हात घालून त्याला आत सरकवलं, एकेक पाय भोकातून बाहेर काढला, बंद आवळले. वेंडेल उठला. किती दिवसांनी ऑर्व्हलला आपलं दार उभ्या माणसाच्या उंचीवरून दिसलं.

ते चढू लागले. बंदूक घेऊन नेड्रा मागे. ऑर्व्हल ओल्या पानांचा वास छातीत भरून घेत होता आणि खाली कान लावून होता. आता वाजेल पाऊल, आता वाजेल. वाजलं नाही. ओक आले. फटफटू लागलं, आणि खालच्या दरीतून नर टर्कीची साद घुमली. ऑर्व्हलने थांब म्हणायच्या आतच वेंडेल थांबला होता.

ऑर्व्हलने कपाळ त्याच्या मानेवर टेकवलं. थोडा वेळ तसंच राहू दिलं.

"पोरा," तो कुजबुजला, "असं चालायला कधी शिकलास?"

"हिवाळाभर," वेंडेल तितक्याच हळू म्हणाला. "तुमच्या वजनाचं वाळूचं पोतं पाठीला बांधायचो. काटकी मोडली, की पुन्हा पायथ्यापासून."