मधलं कडवं

दिंडी पिंपळाच्या पारापाशी आली आणि लिंबाजीबुवांचं बोट वीणेच्या तारेवर आपोआप थबकलं.

वर्षानुवर्षं ते तिथंच थबकत आलं होतं. पाराच्या पुढं मशीद. तिच्यासमोर वाजवायचं नाही, असा निजाम सरकारचा हुकूम. टाळ-मृदंग पारापाशी मुके व्हायचे, माणसं खालमानेनं पुढं जायची आणि पलीकडं बारवेपाशी पुन्हा टाळ वाजायचा. पण चालतं भजन तोडू नये, असं बुवांच्या गुरूचं सांगणं. म्हणून फक्त या दिंडीत गायच्या ठरलेल्या पदाचं मधलं कडवं सगळे मनातल्या मनात म्हणत. बारवेपाशी आवाज फुटायचा तो एकदम शेवटच्या कडव्याचा.

या कार्तिकात मात्र हुकूम करणारं राज्यच उरलं नव्हतं. दोन महिन्यांमागं हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचा अंमल संपला. आज काकड्याची समाप्ती. मोकळ्या मुलखातली ही पहिली दिंडी.

"आबा, थांबलाव कशाला?" भुजंग मागून पुढं आला. गळ्यात ताडकळसच्या बाजारातून आणलेला कोरा ढोल. "आता कुणाचं भ्याव हाय? मशिदीम्होरं मधोमध उभं राहू. दुपारपस्तोर हलायचं न्हाई."

मागच्या पोरांनी गजर केला. त्या गजरात बुवांना देवाच्या नावापेक्षा दातच जास्त ऐकू आले.

भुजंगचा राग खोटा नव्हता. रझाकारांनी त्याच्या बापाला चावडीसमोर झोडपलं, तेव्हा त्या पाठीला हळद बुवांनीच लावली होती. पण मशिदीमागची घरंही त्यांना दिसत होती. फौज आल्यापासून ती दारं आतून कडी लावून बसली होती. बाहेर होता तो एकटा दस्तगीर मुलाणी, मशिदीची झाडलोट करणारा. पायरीवर गुडघे जवळ घेऊन तो दिंडीकडं बघत होता. ढोलावरचे हात दगडावर जायला वेळ लागत नाही, हे बुवांना कळत होतं. त्यालाही कळत असणार.

"भुजंगा, देवाला ऐकवायला निघालास का माणसाला भेडवायला?"

"आन आमाला भेडवलं तवा?"

"दस्तगीरनं भेडवलं?"

"त्यानं न्हाई. पर हुकूम त्याच्याच मशिदीपायी होता न्हवं?"

बुवांनी खांद्यावरची वीणा सावरली. वीणेच्या पुढं दिंडी जात नाही, एवढाच काय तो त्यांच्या हातातला अधिकार.

"मी मुकाच जाणार," ते म्हणाले. "काल हुकूम होता म्हणून गेलो. आज शेजार हाय म्हणून जातो. ज्याला वाजवायचं त्यानं माझ्या मागं येऊ न्हाई."

ते निघाले. म्हातारी माणसं मागोमाग निघाली. पोरंही आली, पण भुजंगची काडी ढोलावर उगारलेली होती, ती तशीच. मशिदीसमोर नुसती पावलं वाजू लागली.

तेवढ्यात दस्तगीर पायरीवरून उठला. सगळी दिंडी जागच्या जागी थिजली.

"बुवा, मुकं कायला चाललाव? नमाज तर कवाच झाली."

"रीत हाय, दस्तगीरभाई."

"रीत तुमची. हाल माझे." तो दोन पायऱ्या खाली आला. "पोरगा होतो तवापासून हितं बसून ऐकायलोय. त्या लेकरानं लोण्याचं मडकं फोडलं. माय काठी घिऊन आली. खरं सांग म्हन्ली, कुणी फोडलं? आन नेमकं तितंच तुमी गप! मग बारवेपून ऐकू येतंय, तर मायनं त्याला कडेवर घेतलेलं. मधात काय झालं? त्यानं काय जवाब दिला?"

डोक्यावर तुळस घेतलेली चतुराबाई फिसकन हसली. तुळस सावरत म्हणाली, "अगं बया! आन इतक्या वर्सांत कुणाला इचारलं न्हाईस व्हय रे?"

"इचारून काय करू, भाबी? गायल्याबिगर कळतंय का ते?"

लिंबाजीबुवांनी तार छेडली. तोंड उघडलं. आणि भलतंच झालं.

मधलं कडवं आजवर कुणी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. ज्यानं त्यानं ते आपल्या मनात, आपल्याच चालीवर घोळवलेलं. बुवा वर गेले, टाळकरी खाली राहिले, चतुराबाईनं तर ओवीचीच चाल लावली. सगळी दिंडी आठवडी बाजारासारखी कलकलली. पायरीवरचा दस्तगीर कपाळाला हात लावून हसायला लागला.

बुवांनी मागं पाहिलं. "भुजंगा, अरे बघतोस काय? ठेका धर!"

 भुजंगनं काडी कमरेला खोचली आणि बोटांनी, हलक्या हातानं, ढोलावर ठेका धरला. त्या ठेक्यावर एकेक आवाज येऊन टेकत गेला. दुसऱ्या खेपेला शब्द कळू लागले.

लेकरू मायला सांगत होतं, मडकं मीच फोडलं. पण मारायला थोडं थांब, माये. आमचा एक गडी अजून दाराबाहेर उभा आहे. त्याचा वाटा द्यायचा राहिलाय.

कडवं संपलं.  मुंडाशाच्या शेवानं दस्तगीरनं तोंड पुसलं. मशिदीमागं कुठंतरी कडी निघाल्याचा आवाज आला.

बुवा बारवेकडं वळले, तर ठेका मागंच राहिला होता.

"आबा, थांबा," भुजंग मान खाली घालून म्हणाला. "आनखी एकदा म्हणा. चाल आत्ता कुठं बसायलीय."